जुन्या यंत्राची घरांत स्थापना

लालबाग-परळचा भाग एके काळीं गिरण्यांचा आणि त्यांच्या दुरुस्तीखात्यांचा होता. 1982 च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली आणि तेथील कित्येक यंत्रें भंगाराच्या भावानें विकलीं गेलीं. असें एखादें यंत्र घरीं आणावें, हा मोह हौशी माणसास होतोच. आम्हांसहि तो झाला. दादर येथील आमच्या घराच्या तळमजल्यावरील मागच्या खोलींत आज एक जुनें सरफेस ग्राइंडर उभें आहे.

या यंत्रांत पोलादाचा तुकडा लोहचुंबकाच्या पाटावर धरतात. या पाटास कारागीर चक म्हणतात. फिरत्या घर्षणचाकाखालून तो मागें-पुढें नेऊन केसाहून बारीक थर काढीत त्याची पाठ सपाट करतात.

प्रथम जागेचा विचार. यंत्राचें वजन अर्धा-पाऊण टन सहज भरतें. गिरगांवांतील जुन्या चाळींचे मजले लांकडी तुळयांवर उभे असतात. तेथें असें ओझें चढविणें म्हणजे शेजाऱ्यांच्या डोक्यावर संकट टांगणें होय. तळमजला आणि खालीं पक्की जमीन, एवढें तरी हवेंच. स्वयंपाकघर व देवघर दूर असावें, कारण चाकाची धूळ अत्यंत बारीक असते व ती श्वासांत जाणें घातक असतें.

दुसरा विचार विजेचा. जुन्या यंत्राची मोटर बहुधा तीन फेजची असते, घरची वीज एका फेजची. ही अडचण व्हीएफडी नांवाच्या साधनानें दूर होते. मात्र तें मोटरीवरील पाटी वाचून जाणत्या वायरमननेंच जोडावें. त्यानें मोटरीचा वेग वाढवितां येतो, आणि धोका नेमका येथेंच आहे. सात इंची चाक मिनिटास 2,800 फेरे घेऊं लागलें कीं त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारें 26 मीटर होतो. चाकावर छापलेल्या मर्यादेपलीकडे तें फिरविल्यास फुटून त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें जेथें जातां येतें, त्या उरणजवळच्या मोरा बंदरीं 1941 सालीं ग्राइंडवेलचा घर्षणचाकांचा कारखाना निघाला. चाक कोठलेंहि असो, चढविण्यापूर्वीं बोटावर टांगून लांकडी मुठीनें हलकेंच वाजवावें. माठ घेतांना आमच्या घरच्या बायका टिचकी मारून पाहतात, तीच ही परीक्षा. नाद स्वच्छ आला तर चाक शाबूत. बद्द आवाज आला तर त्यास तडा आहे असें समजून तें टाकून द्यावें.

आतां आमची चूक सांगतों. यंत्र आलें त्याच सायंकाळीं आम्हीं तें लेव्हलवर बसविलें आणि दुसऱ्या सकाळीं चकाची पाठ घासून घेतली. चक त्याच यंत्रावर घासतात, म्हणजे यंत्र आपला पाट आपणच सपाट करतें. मग एक ठोकळा घासून मापला, तों त्याच्या चार कोपऱ्यांत मिलिमीटरच्या तीन-शतांश भागाचा फरक! लेव्हल पुन्हां ठेवली तेव्हां यंत्राचा एक पाय रात्रींतून दबलेला दिसला. बैठकीचा पीळ सरळ चकाच्या पाठींत उतरला होता. काढलेलें लोखंड पुन्हां चढवितां येत नाहीं.

मग मात्र आम्ही थांबलों. तेलाच्या नळ्या साफ केल्या, सरकपट्ट्यांची झीज डायल गेजनें तपासली आणि रोज लेव्हल पाहिली. यंत्र कां चालवीत नाहीं म्हणून घरांत थट्टा होऊं लागली. तेव्हां आजी म्हणाली, "अरे, जातें आणल्याबरोबर कोणी दळायला बसतें का? आधीं टाकी लावावी लागते."

आजी बरोबर बोलली. चाकासहि हिऱ्याच्या टोकानें टाकी द्यावी लागते; त्यानें तें धारदार व गोल होतें. लेव्हल पंधरा दिवस हलली नाहीं, तेव्हां चकावर निळी शाई फांसून आम्ही पुन्हां बसलों. शतांश मिलिमीटरहून कमी थर काढीत गेलों. शाईचा शेवटचा डाग पुसला जाण्यास दुपार लागली. नंतर घासलेल्या ठोकळ्याचे चारहि कोपरे मायक्रोमीटरवर सारखे भरले.

ज्यांच्या घरीं तळमजल्याची खोली व दोन महिन्यांची सबुरी असेल, त्यांनींच या भरीस पडावें. मुलांस चालत्या यंत्राजवळ येऊं देऊं नये. सैल पदर व बांगड्याहि दूर असाव्यात. पुस्तक जरूर वाचावें, पण आपल्या ओळखींत गिरणीतला जुना फिटर असल्यास आधीं त्याच्याकडे जावें. संपाच्या वेळीं पंचविशींतले असलेले ते कारागीर आतां सत्तरीच्या आसपास आहेत. यंत्रें भंगारांतून उचलून आणतां येतात. त्यांच्या हातांतील कसब मात्र ते आहेत तोंवरच विचारून घेतलें पाहिजे.