विश्लेषण : आयुष्यभराची जोडीदार कागदावर फक्त ‘शेजारीण’! फ्रेंच चित्रपट ‘टू ऑफ अस’ कोणता प्रश्न मांडतो?

एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरे. एका घरात मादलेन, दुसऱ्यात नीना. दोघीही निवृत्त, सत्तरीच्या आसपासच्या. मादलेनच्या मुलांच्या लेखी या दोघी चांगल्या शेजारणी. प्रत्यक्षात त्या अनेक वर्षांपासून एकमेकींच्या जोडीदार आहेत. ‘टू ऑफ अस’ हा चित्रपट इथून सुरू होतो. समलैंगिक विवाहाला मान्यता असलेल्या देशात हे नाते लपवावे का लागते आणि आजारपण आल्यावर त्याची किंमत कोण मोजते, याचा आढावा…

चित्रपट कोणता, कोणाचा?

मूळ फ्रेंच नावाचा अर्थ ‘दोन’. इटालियन दिग्दर्शक फिलिप्पो मेनेगेत्ती यांचा हा पहिला कथापट २०१९ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला. नीनाची भूमिका जर्मन अभिनेत्री बार्बरा सुकोवा यांनी, तर मादलेनची भूमिका फ्रान्सच्या ‘कोमेदी फ्रान्सेझ’ या नामांकित नाट्यसंस्थेतील मार्टीन शेव्हालिए यांनी केली आहे. ९३ व्या ऑस्करसाठी फ्रान्सने हाच चित्रपट पाठवला आणि तो अंतिम १५ चित्रपटांच्या यादीत पोहोचला. २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा सेझार पुरस्कारही त्याला मिळाला.

कथा काय आहे?

मादलेन विधवा आहे. तिला मुलगी आणि मुलगा आहे, नातूही आहे. घर विकून दोघींनी रोमला कायमचे राहायला जायचे, असे ठरलेले असते. त्याआधी मुलांना खरे काय ते सांगायचे, एवढेच बाकी असते. मादलेनच्या वाढदिवशी मुले जेवायला येतात. ती बोलायचा प्रयत्न करते, पण शब्द बाहेर पडत नाहीत. तिने घर विकायला काढलेच नाही हे नीनाला कळते, तेव्हा दोघींचे भर रस्त्यात भांडण होते. त्यानंतर मादलेनला पक्षाघाताचा झटका येतो आणि तिची वाचा जाते.

इथून चित्रपटाचा सूर बदलतो. मुलगी आन आईची जबाबदारी घेते, घरी देखभालीसाठी बाई ठेवते. नीना कालपर्यंत त्याच घरात राहत होती. तिचे स्वतःचे घर जवळपास रिकामेच आहे. आता मात्र तिला बेल वाजवून, ‘जरा बघून जाते’ म्हणत आत यावे लागते. दाराच्या छिद्रातून ती समोरच्या घराकडे पाहत राहते. जवळच्या किल्लीने रात्री चोरून आत शिरते. एखाद्या थरारपटासारखा ताण इथे आहे, पण चोरी आहे ती स्वतःच्याच माणसाला भेटण्याची.

आधीच का सांगितले नाही?

याचे उत्तर या पिढीच्या तारुण्यात सापडते. फ्रान्सने समलैंगिक संबंधांना गुन्ह्यांच्या यादीतून १७९१ मध्येच वगळले होते. मात्र १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील विशी सरकारच्या काळात, अशा संबंधांसाठी संमतीचे वय वेगळे आणि जास्त ठरवण्यात आले. हा भेदभाव युद्धानंतरही टिकला आणि १९८२ मध्ये संपला. १९६० मध्ये तर फ्रेंच संसदेने समलैंगिकतेला क्षयरोग आणि मद्यपानाच्या पंगतीत बसवून ‘सामाजिक संकट’ ठरवले.

बाईच्या वाट्याला आणखी एक अडचण होती. पतीच्या संमतीशिवाय नोकरी करण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँक खाते उघडण्याचा हक्क फ्रान्समधील विवाहित स्त्रियांना १९६५ मध्ये मिळाला. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय १९७५ मध्ये आली. मादलेनच्या वयाच्या अनेक स्त्रियांची लग्ने या बदलांच्या आसपास झाली. लपवणे ही त्यांच्यासाठी सवय झाली आणि कायदा बदलला तरी सवय लगेच सुटत नाही.

पण आता कायदा काय सांगतो?

फ्रान्समध्ये १९९९ पासून ‘पॅक्स’ हा नागरी करार आहे. लग्न न करता दोन प्रौढ व्यक्ती, समलिंगी असोत वा भिन्नलिंगी, आपल्या सहजीवनाची नोंद करू शकतात. या मागणीला जोर आला तो एड्सच्या साथीत. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्याला भाड्याच्या घरावर हक्क सांगता येत नव्हता. दोन पुरुषांचे एकत्र राहणे हे कायद्याच्या अर्थाने सहजीवन नाही, अशीच भूमिका तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने घेतली होती. पुढे मे २०१३ मध्ये समलैंगिक विवाहाचा कायदा आला.

म्हणजे मादलेन आणि नीना यांना लग्न करता आले असते. तेही नको असेल तर आणखी एक साधा मार्ग होता. २००२ च्या कायद्यानुसार फ्रान्समधील रुग्ण आपली ‘विश्वासू व्यक्ती’ लेखी नेमू शकतो. रुग्णाला स्वतःचे मत सांगता येत नसेल, तर डॉक्टरांनी आधी तिचे ऐकायचे असते. अशी नेमणूक नसेल तर कुटुंबाचे आणि कुटुंबही नसेल तर जवळच्या माणसाचे. कागद नसल्यामुळे नीना या रांगेत शेवटी आहे.

पैशांचे गणितही असेच आहे. दोन मुले असल्यास मालमत्तेचा दोन तृतीयांश वाटा कायद्याने त्यांच्यासाठी राखीव असतो. उरलेला एक तृतीयांश मृत्युपत्राने कुणालाही देता येतो. तो विवाहित किंवा पॅक्स जोडीदाराला मिळाला, तर वारसा कर लागत नाही. मात्र नाते नसलेल्या व्यक्तीला मिळाला, तर साधारण ६० टक्के कर भरावा लागतो. ‘शेजारीण’ या शब्दाची किंमत इतकी आहे.

मग चूक मुलीची का?

चित्रपट तसे म्हणत नाही. आनची भूमिका करणाऱ्या लेआ द्रुकेर यांनी तिला खलनायिका होऊ दिलेले नाही. तिला आई हवी आहे, आईची काळजी आहे. फक्त आईचे आयुष्य तिला ठाऊक नाही. खरे कळल्यावर ती दुखावते, कारण आपण ज्या घरात वाढलो ते नेमके कसे होते, हाच प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. त्यानंतर ती जे निर्णय घेते ते नीनासाठी क्रूर ठरतात. शेवट इथे सांगत नाही, तो पाहण्यासारखा आहे.

याच पिढीची खरी माणसे पाहायची असतील, तर सेबास्तियाँ लिफशित्झ यांचा २०१२ चा माहितीपट ‘ले आँव्हिझिब्ल’ म्हणजे ‘अदृश्य’ आहे. त्यात वयस्क समलैंगिक स्त्री-पुरुष कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. त्यातल्या तेरेझ क्लेर यांनी लग्न, चार मुले आणि घटस्फोटानंतर स्त्रीवर प्रेम केले. पुढे त्यांनी पॅरिसजवळच्या माँत्रय येथे वृद्ध स्त्रियांनी स्वतःच चालवायच्या निवासाची कल्पना प्रत्यक्षात आणली.

नेमका मुद्दा काय?

दोघी धडधाकट असेपर्यंत गुपित त्यांना सांभाळते. एक आजारी पडली की तेच गुपित दोघींच्या मध्ये भिंत होते. कायद्याने दार उघडून ठेवले होते, पण आत जायला सही लागते आणि सही करायची तर आधी कुणाला तरी सांगावे लागते. वाढदिवसाच्या जेवणाला मादलेनकडे त्यासाठी वेळ होता, वाचाही होती.