सरकीचे यंत्र आणि माणसांचा बाजार

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील व्हर्जिनिया-मेरिलंडची तंबाखूची शेती खालावत चालली होती. तिच्यामागोमाग गुलामगिरीही ओसरेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. कापसाने ती फोल ठरविली.

तेथील आखूड धाग्याच्या कापसातील सरकी हाताने काढताना एका माणसाला दिवसाकाठी जेमतेम रत्तलभर रुई मिळे. १७९३ साली एली व्हिटने याने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि हे काम सुकर झाले. परंतु लागवड, खुरपणी व वेचणी हातांनीच करावयाची होती. लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी वाढत गेली, तसतशी नव्या मळ्यांसाठी माणसांची मागणीही वाढली. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी आली. तेव्हा हा व्यापार देशातल्या देशातच फोफावला. व्हर्जिनियातील माणसे, आईपासून मुले तोडून, अलाबामा-मिसिसिपीच्या मळ्यांसाठी विकली जाऊ लागली. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेली.

यंत्राने वाचविलेल्या श्रमांहून कितीतरी अधिक श्रम शेतावर लादले गेले. आणि ज्यांच्यावर ते लादले, त्यांना नकाराचा अधिकार नव्हता. तो मिळण्यास चार वर्षांचे यादवी युद्ध आणि १८६५ ची घटनादुरुस्ती व्हावी लागली.