आकडा वाचला, बाई वाचली का?

गरोदर बाईच्या रक्तात युरिक ॲसिड वाढल्याचा रिपोर्ट हाती पडला की आपल्या वस्तीत दोन गोष्टी लगेच सुरू होतात. घरातले तिचे मटण, अंडी आणि डाळ बंद करतात. आणि खाजगी दवाखान्यात कुणी 'आजच सिझर करावे लागेल' म्हटले की मुकाट्याने दागिने गहाण पडतात. एका आकड्याची ही दहशत! तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण प्रश्न दोन जिवांचा आहे.

वीस आठवडे उलटल्यानंतर गरोदर बाईचा रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे गेला आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. या आजाराचे मूळ वारेत असते. आजार बळावला की बाईला झटके येतात, तोच एक्लॅम्पसिया. हे झटके म्हणजे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करीत बसणारी घरे आजही आहेत. त्यांत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची घरेही आहेत, हे लिहिताना लाज वाटते.

आता युरिक ॲसिड. शरीरातल्या पेशींची मोडतोड होते तेव्हा ते तयार होते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी गरोदरपणात मूत्रपिंडे जास्त काम करतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत त्याचे रक्तातले प्रमाण कमी होते आणि दिवस भरत आले की पुन्हा चढते. प्रीएक्लॅम्पसियात मूत्रपिंडांचे काम मंदावते, म्हणून ते साचते. मुख्य कारण हे आहे. ताटातले मटण नव्हे. ज्या बाईला प्रथिनांची सर्वाधिक गरज आहे, तिचीच डाळ आणि अंडी तोडणे हा उपचार नाही, उपासमार आहे. आपल्या अन्नाला नावे ठेवणाऱ्यांना तेवढेच निमित्त मिळते, ते वेगळे.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती बहुधा गरोदर नसलेल्या बाईची असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साडेपाच-पावणेसहा हा आकडा कागदावर निर्धोक दिसतो, पण त्या आठवड्याच्या मानाने तो वाढलेला असू शकतो. तोच आकडा नवव्या महिन्यात तितका चिंतेचा नसतो. तेव्हा कितवा आठवडा हे न विचारता आकडा वाचणे व्यर्थ आहे.

या आजारात युरिक ॲसिड वाढते, याची नोंद १९१७ सालीच झाली. प्रमाण जास्त असलेल्या बायकांची बाळे अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची जन्मण्याचा संभव अधिक असतो, हेही पुढे दिसून आले. म्हणून ही तपासणी निरुपयोगी आहे असे कुणी समजू नये. परंतु २००६ साली अठरा अभ्यासांतील सुमारे ३,९०० बायकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा गुंतागुंत कुणाला होईल हे या एका आकड्यावरून नीट सांगता येत नाही असा निष्कर्ष निघाला. २०११ साली आईचा धोका मोजण्यासाठी 'फुलपियर्स' नावाचे सूत्र प्रसिद्ध झाले. त्यात गरोदरपणाचे आठवडे, छातीत दुखणे किंवा धाप, रक्तातला ऑक्सिजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि यकृताची एक तपासणी आहे. युरिक ॲसिड नाही. गरोदरपणातील रक्तदाबावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली तर स्पष्टच म्हटले की केवळ युरिक ॲसिडच्या आकड्यावरून बाळंतपण उरकण्याचा निर्णय घेऊ नये.

मग निर्णय कशावर? सदतीस आठवडे पूर्ण झाले असतील तर बाळंतपण करून घेणे हिताचे, कारण वार बाहेर पडल्याशिवाय हा आजार हटत नाही. चौतीस आठवड्यांच्या आत असेल आणि आई व बाळ स्थिर असतील, तर मोठ्या रुग्णालयात देखरेखीखाली दिवस वाढवतात आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात. आवाक्यात न येणारा रक्तदाब, झटके, घसरणाऱ्या प्लेटलेट, बाळाची खालावलेली अवस्था, ही थांबू न देणारी कारणे आहेत. तेव्हाही सिझर अनिवार्य असतेच असे नाही. पुष्कळ बायकांना कळा आणून बाळंत करता येते.

बाळंतपणात दगावलेल्या बायकांचे जे केसपेपर वकील म्हणून पाहण्यात आले, त्यांत युरिक ॲसिडचा रिपोर्ट लाल शाईने गोल केलेला, आणि रक्तदाबाचा रकाना चार-चार तास कोरा, असा प्रकार आढळला आहे. वास्तविक बाई वाचते ती रक्तदाब मोजण्याच्या यंत्राने, लघवीत बुडवायच्या पट्टीने आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या स्वस्त इंजेक्शनाने. २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांवर बायकांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, यांपैकी काहीही दिसले की रात्र असो वा दिवस, बाईला दवाखान्यात न्यावे.

हे मागणे म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतीलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणापूर्वीची विश्रांती हा राष्ट्रहिताचा विषय मानला होता. १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने लक्ष्मी मंडल प्रकरणात मातृआरोग्यालाही तेच संरक्षण दिले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. तरीही बाहेरून तपासणी करून आणा असे सांगितले गेले, तर ते लेखी मागावे.

आणि कागद जपावेत. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात रक्तदाबाचा तक्ता, लघवीचे रिपोर्ट आणि दिलेल्या इंजेक्शनांच्या वेळा नावानिशी मागाव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी.