फायबरच्या होडीतील लाकूड

'फायबरची होडी' या नावामुळे तिच्यात कुजण्यासारखे काही नसावे, असा समज होतो. वस्तुतः पुष्कळ जुन्या होड्यांच्या मागील उभ्या भिंतीत, तळाच्या लांबट आधारपट्ट्यांत आणि डेकमध्येही प्लायवुड अथवा बाल्साचे लाकूड असून त्यावर काचतंतू व रेझिन यांचे कवच चढविलेले असते. हे कवच कुजत नाही. परंतु स्क्रूच्या छिद्रांतून आत शिरलेले पाणी ते सहजी वाळूही देत नाही. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांहून कमी असल्यास बुरशी वाढत नाही. तेव्हा या विकाराचे 'ड्राय रॉट' हे प्रचलित इंग्रजी नावही फसवेच होय.

प्रथम परीक्षा कानाने करावी. लहान हातोडीने ठोकीत गेल्यास निकोप भाग खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. संशयित जागी आतल्या बाजूने बारीक छिद्र पाडावे. भुसा काळपट व ओला निघाल्यास शंकेला जागा उरत नाही.

अशा छिद्रात नुसते इपॉक्सी ओतणे व्यर्थ होय, कारण ओले लाकूड ते नीट शोषीत नाही. आतील कवच कापून निरोगी लाकूड लागेपर्यंत कूज काढावी, उरलेले लाकूड वाळवावे, नवे मरीन प्लायवुड इपॉक्सीने बसवून त्यावर काचतंतूचे थर चढवावेत. स्क्रूचे छिद्र मोठे पाडून इपॉक्सीने भरावे व त्यातूनच पुन्हा बारीक छिद्र घ्यावे.

बाहेरून टांगलेल्या इंजिनाचा सारा भार त्या मागील भिंतीवरच असतो. ती समुद्रात खचली, तर नावाची भूल माणसांच्या जिवावर बेतते.