साडेतेरा कोटींची बेरीज

२४,१७,३१,२७४ रुपये. बेंगळुरूच्या कर्नाटक उच्च न्यायालयाने ११ मे २०१५ रोजी तमिळनाडूच्या मुख्यमंत्री राहिलेल्या जयललितांना उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेच्या खटल्यात निर्दोष सोडले, त्या निकालपत्रातल्या कर्जांच्या तक्त्याखाली ही बेरीज छापली होती. तक्त्यातल्या दहा रकमा पुन्हा मिळवल्या तर उत्तर येते १०,६७,३१,२७४. फरक नेमका साडेतेरा कोटींचा.

कर्जाची ही रक्कम उत्पन्नात धरलेली होती, त्यामुळे पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे राहिले. न्यायालयाच्या हिशेबात उत्पन्न ३४.७७ कोटी, मालमत्ता ३७.५९ कोटी, तफावत २.८२ कोटी, म्हणजे उत्पन्नाच्या ८.१२ टक्के. दहा टक्क्यांपर्यंतच्या तफावतीचा फायदा आरोपीला देणाऱ्या जुन्या निवाड्याचा आधार घेऊन सुटका झाली. बेरीज सुधारली की उत्पन्न २१.२७ कोटींवर उतरते, तफावत १६.३२ कोटींवर चढते आणि ८ टक्क्यांचे ७६ टक्के होतात.

हा खटला बेंगळुरूत आला तोच विश्वासाच्या प्रश्नावरून. आरोपीच मुख्यमंत्री असताना चेन्नईत निःपक्ष सुनावणी होईल का, या शंकेमुळे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो कर्नाटकात हलवला. विशेष न्यायाधीश जॉन मायकल कुन्हा यांनी २७ सप्टेंबर २०१४ रोजी चार वर्षे कैद आणि १०० कोटी दंड ठोठावला. पदावरच्या मुख्यमंत्र्याला थेट तुरुंगात पाठवणारा हा निकाल न्यायालयाचा अधिकार किती मोठा आहे हे दाखवतो.

हाच निकाल फिरवताना उच्च न्यायालयाने बांधकामांचे मूल्यही बदलले. सरकार पक्षाचे जवळपास २८ कोटी त्याने ५.१० कोटींवर आणले. मूल्यांकनात दोन न्यायाधीशांची मते वेगळी असू शकतात. पटले नाही तरी ते आपण मान्य करतो. बेरजेत मात्र कुणालाच विवेकाधिकार नसतो. आणि तरीही या प्रकरणात मला न्यायव्यवस्थेची खरी ताकद त्याच तक्त्यात दिसते. ९१९ पानांच्या निकालपत्रात दहाही रकमा लिहिलेल्या होत्या, म्हणूनच सरकारी वकील बी. व्ही. आचार्य यांना चूक लगेच दाखवून देता आली. नुसता ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारला असता, तर चूक कुणाला सापडली असती? आदर मागून मिळत नाही. कारणे आणि आकडे उघड ठेवले की लोक पडताळून पाहतात आणि मग निकाल मानतात.

पण पडताळणीला वेळेची जोड हवी, आणि इथे सर्वोच्च न्यायालय कमी पडले. कर्नाटक सरकारच्या अपिलावरची सुनावणी जून २०१६ मध्ये संपली. निकाल आला १४ फेब्रुवारी २०१७ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने बेरीज दुरुस्त केली, दहा टक्क्यांची सवलत इथे लागूच होत नाही असे सांगितले आणि कुन्हांचा निकाल पुन्हा कायम केला. सुटकेपासून २१ महिने गेले होते. तेवढ्यात जयललिता पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, २०१६ ची निवडणूक जिंकल्या आणि ५ डिसेंबरला पदावर असतानाच वारल्या. सहआरोपी शशिकलांसह तिघांना बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगात जावे लागले; जयललितांविरुद्धचे अपील मृत्यूमुळे संपुष्टात आले होते.