प्रश्न विचारणारे पथक आपलेच असावे

शिफारस शास्त्रशुद्ध असते, घडीपत्रिका छापून होते, प्रात्यक्षिकही यशस्वी ठरते; आणि तरीही पुढच्या हंगामात शेतकरी जुन्याच वाटेने जातो. अशा वेळी अहवालात ‘शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव’ हे सोयीचे वाक्य लिहिले जाते. कारण मात्र अज्ञातच राहते. ते शोधण्याचे काम बाहेरच्या सर्वेक्षण संस्थेकडे सोपवले, तर जाडजूड अहवाल हाती येतो. पण ज्यांना शिफारस बदलायची आहे, त्यांच्या कानांवर शेतकऱ्याचे मूळ शब्द पडत नाहीत.

यावरचा उपाय आपल्याकडे पूर्वीच योजला गेला होता. १९९८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्पात सात राज्यांतील २८ जिल्ह्यांत ‘आत्मा’ची उभारणी झाली. तत्कालीन अहमदनगर, अमरावती, औरंगाबाद आणि रत्नागिरी हे महाराष्ट्रातील जिल्हे त्यांत होते. तेथे जिल्ह्याचा ‘धोरणात्मक संशोधन व विस्तार आराखडा’ करण्याचे काम कृषी व संलग्न खात्यांचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्या संयुक्त पथकाकडे होते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने पद्धत शिकवायची; गावांत फिरायचे, ऐकायचे आणि लिहायचे पथकानेच. शिवारफेरी, गावनकाशा, हंगामी दिनदर्शिका ही त्याची साधने.

या आराखड्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अवलंबातील तफावत. प्रत्येक शिफारशीपुढे ‘पूर्ण’, ‘अंशतः’ की ‘मुळीच नाही’ एवढे नोंदवून भागत नसे. कारणही लिहावे लागे. बीजप्रक्रिया होत नाही, यामागे अनास्था असू शकते. पेरणीच्या दिवशी गावात औषध न मिळणेही असू शकते. पहिल्यावर व्याख्यान, दुसऱ्यावर पुरवठा हा इलाज. दोन्हींची गल्लत झाली, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. अर्थात, रकाने भरून मोकळे होण्याची सवय लागली, तर हा आराखडाही कागदच ठरतो.

ऐकण्याची सवय आधी इतरत्र करावी. गावात अधिकारी ओळखीचा असतो. साहेबांना बरे वाटेल असे उत्तर मिळते. या दृष्टीने दिल्लीतील पहाडगंज उत्तम सरावभूमी आहे. १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधील पुसाहून १९३६ मध्ये दिल्लीत आलेल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रशिक्षणास वा कृषी विज्ञान मेळ्यास जाणाऱ्या पथकाला नवी दिल्ली स्थानकाशेजारचा हा बाजार वाटेवरच पडतो. तेथील फळगाडीवाल्याला किंवा भोजनालयाच्या मालकाला पाहुण्यांची खुशामत करण्याचे कारण नसते. शिवाय शेतकरी उत्पादक कंपनीच्या मालाचा शेवटचा वापरकर्ता हाच.

दोघांची जोडी करावी; एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. ‘तुम्हाला कांदा कसा हवा?’ असे विचारले की ‘चांगला हवा’ एवढेच ऐकू येते. त्याऐवजी ‘काल किती घेतला, कोणाकडून, त्यातला किती फेकला?’ असे विचारावे. घडलेल्या गोष्टीविषयी माणूस नेमके बोलतो. बोलण्याइतकेच पाहण्यालाही महत्त्व द्यावे: माल कशात साठवला आहे, कोणता ढीग आधी हलतो, निवडताना हात कुठे थांबतो. आपल्या वाणाची स्तुती मात्र करू नये. विस्तार कार्यकर्त्याला हे सर्वांत जड जाते, कारण त्याचा पिंडच सांगण्याचा असतो.

त्याच संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून टिपणे मोठ्याने वाचावीत. जे ऐकले ते एका बाजूस, त्यावरून काढलेला अर्थ दुसऱ्या बाजूस. मार्गदर्शक तज्ज्ञाचे काम येथे खरे. उत्तर देण्याचे नव्हे, तर ‘हे कोण म्हणाले, की आपल्याला वाटले?’ असे पुन्हा पुन्हा विचारण्याचे.

हीच रीत मग आपल्या तालुक्यात न्यावी. पहिल्या खेपेस एकच शिफारस आणि सहा-सात शेतकरी पुरेत. त्यांत शिफारस सोडून दिलेले निम्मे तरी असावेत आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या स्त्रियांशी वेगळे बोलणे व्हावे. पुरुष मंडळी समोर असली की त्या सहसा गप्प राहतात. सहा-सात जणांवरून जिल्ह्याची टक्केवारी काढता येत नाही, हे उघड आहे. परंतु घडीपत्रिकेतील कोणते वाक्य शेतकऱ्याला उमगत नाही आणि सांगितलेले औषध कोणत्या दुकानात मिळत नाही, हे त्यातून कळते; आणि पुढील छपाईपूर्वी तेवढी दुरुस्ती त्याच पथकाला करता येते.