गहू बंद केला, आता परत सुरू कसा करायचा?

धाकटीचं पोट सारखं दुखायचं, म्हणून आमच्या घरी दोन महिने सगळ्यांनीच गहू बंद केला. तांदळाची भाकरी सर्वांना चालली. पण रमजान आला आणि प्रश्न पडला, शीरखुर्म्याच्या शेवया तर गव्हाच्याच!

डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की आमची चूक आधीच झाली होती. गहू सोडण्यापूर्वी सीलिअ‍ॅक आजाराची रक्त तपासणी करायला हवी होती. ग्लुटेन बंद असताना आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे आता तपासणीआधी काही आठवडे रोज गहू खाणं आलं.

आणि आमचं परहेज तरी कुठे पूर्ण होतं? अम्मी सुन्नत म्हणून तलबीना करून द्यायच्या. तो जवाचा, आणि जवातही ग्लुटेन असतं. हलीममधला गहू लक्षात होता, बाजारच्या हिंगात मिसळलेलं गव्हाचं पीठ नव्हतं.

सुरुवात अर्ध्या साध्या चपातीने केली, तीही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. नान किंवा पावाने करू नका, त्यात यीस्ट, दूध, साखर असते. इफ्तारचं तळणही तिला दिलं नाही, नाहीतर पोट कशाने दुखलं ते कळणार कसं? रोजचं वहीत लिहितो. गहू खाल्ल्यावर पूर्वी कधी अंगावर पित्त उठलं असेल, धाप लागली असेल, तर मात्र हा प्रयोग घरी करायचाच नाही.

तपासणी ईदनंतर आहे. तोवर गहू चालूच ठेवायचा, म्हणजे शीरखुर्मा धाकटीलाही मिळणार.